पापणीची घडी

माणसाच्या वरच्या पापणीवर एक बारीकशी घडी असते, किंवा नसते. डोळा उघडला की पापणीची कातडी त्या रेषेवर दुमडते. डोळा मिटला की घडी उलगडते आणि रेषा दिसेनाशी होते. आपल्या लोकांत ती बहुतेक सर्वांना असते, आणि म्हणूनच ती आहे याची कोणास जाणीव नसते. जी वस्तू सर्वांपाशी आहे तिची गणना कोणी श्रीमंतीत करीत नाही. आपल्या कवींनी डोळ्यांना कमळाची, हरिणीची, मासोळीची उपमा दिली, देवीला मीनाक्षी म्हटले. पण या घडीची स्तुती करण्याचे कोणास सुचले नाही. चिनी समाजात मात्र या थोड्याशा मिलिमीटरांच्या घडीसाठी मुली पैसे साठवितात, घराघरांत वाद होतात, वैद्य शस्त्र हाती घेतात आणि सरकारला जाहिरातींवर नियम करावे लागतात.

चिनी भाषेत या बाबतीत दोन साधे, रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. घडी असलेल्या पापणीला ‘श्वांग-येन-फी’, म्हणजे दुहेरी पापणी, म्हणतात. घडी नसलेल्या पापणीला ‘दान-येन-फी’, म्हणजे एकेरी पापणी. सगळ्या चिनी माणसांचे डोळे एकसारखे असतात अशी आपली एक ढोबळ समजूत आहे. ती खरी नाही. पुष्कळ चिनी माणसांना जन्मतःच घडी असते. एकाच आईच्या दोन मुलींपैकी एकीला ती असते आणि दुसरीला नसते. कित्येकांच्या तर एका डोळ्याला असते व दुसऱ्याला नसते. शरीरशास्त्र याचे कारण असे सांगते, की पापणी वर उचलणारा जो स्नायू आहे, त्याच्या पसरट कंडरेचे काही तंतू पापणीच्या कातडीला येऊन चिकटलेले असले, तर स्नायू आखडताच कातडी आत ओढली जाते व घडी पडते. ते तंतू तेथवर पोचले नसले आणि डोळ्याच्या खोबणीतील चरबी थोडी खाली उतरलेली असली, म्हणजे पापणी सपाट व भरलेली दिसते. दृष्टीशी याचा काही संबंध नाही. एकेरी पापणीचा निरोगी डोळा दुहेरी पापणीच्या डोळ्याइतकेच स्वच्छ पाहतो. तंटा आहे तो डोळा कसा पाहतो याचा नव्हे, कसा दिसतो याचा.

मी व्यवसायाने वकील. सौंदर्याची मीमांसा हा माझा प्रांत नव्हे. या विषयाशी माझी गाठ पडली ती मकावमध्ये, आणि गोव्याच्या वकिलाला मकाव अगदीच परके नसते. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या शासनाखाली चालत असे. पुढे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता दोन्ही ठिकाणी लागू झाली. आमच्याकडे १९६१ नंतरही तिचा कुटुंब व वारसा यांविषयीचा भाग टिकून राहिला. मकाव २० डिसेंबर १९९९ रोजी चीनच्या स्वाधीन झाले आणि त्याच वर्षी त्यांनी आपली नवी संहिता अमलात आणली. तरीही दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांची भाषा कळते. काही वर्षांपूर्वी एका वारसाच्या प्रकरणात जुने दस्तऐवज पाहण्यासाठी मला तेथे जावे लागले. काम तीन दिवसांचे होते, ते दहा दिवस लांबले. आणि तेवढ्या अवधीत माझ्या तेथील सहव्यवसायी बाईंच्या घरी माझे जाणे-येणे झाले.

घरात तिघीजणी. बाई स्वतः पंचेचाळिशीच्या. त्यांच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना घरात ‘पोपो’, म्हणजे आईची आई, म्हणत. आणि मुलगी, शाळेची शेवटची परीक्षा देऊन मोकळी झालेली, नुकतीच अठरा पूर्ण केलेली. मुलीच्या पापण्या एकेरी होत्या, अगदी आजीसारख्या. रोज सकाळी आरशापुढे बसून ती पारदर्शक चिकटपट्टीचे चंद्रकोरीसारखे कापलेले दोन बारीक तुकडे चिमट्याने उचलून पापण्यांवर लावी. त्या तुकड्यांच्या कडेवर कातडी दुमडली की दिवसभरापुरती घडी पडे. रात्री ते काढून टाकायचे आणि सकाळी पुन्हा बसवायचे. असल्या पट्ट्या तेथे कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतात. मुलीचे म्हणणे असे, की या रोजच्या कटकटीपेक्षा एकदाच शस्त्रक्रिया करून घ्यावी. मकावची सरहद्द पायी ओलांडली की पलीकडे चुहाइ शहर लागते. तेथे असे दवाखाने पुष्कळ आहेत आणि खर्चही कमी. सुटी संपण्यापूर्वी सूज उतरेल आणि नव्या विद्यापीठात ती नव्या डोळ्यांनी जाईल.

यात वेगळे असे काही नव्हते. चीनमध्ये जून महिन्यात विद्यापीठप्रवेशाची मोठी परीक्षा होते आणि ती संपताच या शस्त्रक्रियेचा हंगाम सुरू होतो, ही आता वर्तमानपत्रांच्या नेहमीच्या बातम्यांपैकी एक आहे. पुष्कळ मुलींना आईच दवाखान्यात घेऊन जाते. जणू उत्तीर्ण होण्याचे ते बक्षीस.

पोपोंना हे मान्य नव्हते. त्या मला म्हणाल्या, आणि मुलीने हसत हसत त्याचे भाषांतर केले, “दोतोर, तुम्ही कायदा शिकलात. आईबापांनी दिलेली वस्तू मोडायला मुलाला अधिकार असतो का, ते हिला सांगा.” मी काही उत्तर देण्यापूर्वीच मुलगी म्हणाली, “पण पोपो, आईने केलीच ना?”

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. बाईंच्या पापण्यांवरची सुबक घडी जन्माची नव्हती, हे मला तेव्हा कळले. त्यांनी चोविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपूर्वी, ती करून घेतली होती. शस्त्राने आईची पापणी बदलली. रक्तातून उतरणारे दान मात्र बदलले नाही, आणि ते आजीकडून थेट नातीकडे आले.

पोपोंनी मांडलेला मुद्दा त्यांचा एकटीचा नव्हता. मातृपितृभक्तीवरचा जो प्राचीन चिनी ग्रंथ कन्फ्यूशिअस व त्याचा शिष्य त्संग-त्स यांच्या संवादाच्या रूपाने सांगितला आहे, त्यात आरंभीच असे प्रतिपादन आहे, की शरीर, केस व कातडी ही आईबापांकडून मिळालेली ठेव होय आणि तिला इजा न होऊ देणे ही पुत्रधर्माची पहिली पायरी. ही शिकवण त्या समाजात किती खोल रुजली होती, याची साक्ष इतिहास देतो. १६४५ मध्ये मांचू राज्यकर्त्यांनी चिनी पुरुषांना डोक्याचा पुढचा भाग मुंडण्याची सक्ती केली, तेव्हा केसांसाठी लोक प्राणावर उदार झाले. परंतु वकिलाला उलटतपासणी करण्याची खोड असते. हाच ग्रंथ घरोघरी पूज्य असता त्याच घरांतून शतकानुशतके आया आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलींची पावले पट्ट्यांनी आवळून त्यांची हाडे मोडीत होत्या, कारण लहान पावलांवाचून चांगले स्थळ मिळत नसे. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने त्या रूढीवर बंदी घातली, आणि त्यानंतरही ती समूळ जाण्यास बराच काळ लागला. शास्त्र एक सांगत होते आणि विवाहाचा बाजार दुसरे. आणि मुलीच्या बाबतीत बहुधा बाजाराचे म्हणणे चालत असे. आपल्याकडचा अनुभव याहून निराळा आहे असे म्हणण्याचे धैर्य मला नाही.

घरी परतल्यावर या विषयावर मिळेल ते मी वाचू लागलो. प्रथम पाहिले ते हे, की एकेरी पापणी चिनी लोकांना पूर्वीपासूनच कुरूप वाटत होती काय. उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. थांग राजवटीतील चित्रकार चौ फांग याच्या नावे ओळखले जाणारे, केसांत फुले माळलेल्या राजस्त्रियांचे एक चित्र ल्याओनिंगच्या संग्रहालयात आहे. त्यातील सुंदरींचे डोळे बारीक, लांबट आणि निमुळते आहेत. ‘तीन राज्ये’ या प्रख्यात कादंबरीतील महावीर क्वान यू, ज्याची पुढे देवळांतून देव म्हणून पूजा होऊ लागली, त्याचे डोळे ‘दानफंग’, म्हणजे लाल फिनिक्स पक्ष्यासारखे, बाहेरच्या कोपऱ्याकडे वर चढत गेलेले आहेत. आणि ते त्याच्या पराक्रमाचे लक्षण मानले आहे. पण त्याच परंपरेत जर्दाळूच्या आकाराच्या, मोठ्या व पाणीदार डोळ्यांचीही वाखाणणी आहे. ‘लाल महालाचे स्वप्न’ या अठराव्या शतकातील कादंबरीत करारी वांग शीफंगचे डोळे फिनिक्सचे आहेत, तर शांत स्वभावाच्या श्वे पावछायचे डोळे जर्दाळूसारखे. दोघीही देखण्या. म्हणजे जुन्या रसिकतेच्या दरबारात निरनिराळ्या डोळ्यांना निरनिराळी आसने होती. एकाला मान द्यायचा म्हणून दुसऱ्याला उठविले जात नसे.

दुसरा प्रश्न असा, की ही सगळी पाश्चात्त्यांची नक्कल आहे काय. आपल्याकडील सुशिक्षितांना हे उत्तर फार आवडते, कारण त्यात विचार थोडा करावा लागतो आणि हळहळ पुष्कळ करता येते. या शस्त्रक्रियेचा पहिला ज्ञात वृत्तांत १८९६ मध्ये जपानात मिकामो नावाच्या वैद्याने प्रसिद्ध केला. त्याच्याकडे आलेल्या स्त्रीच्या एका पापणीला घडी होती आणि दुसरीला नव्हती. रेशमाचे टाके घालून त्याने दुसरी पापणी पहिलीसारखी केली. म्हणजे त्या प्रकरणी नमुना युरोपातून आणलेला नव्हता. तो तिच्याच चेहऱ्यावर होता. याच्या उलट साक्षही आहे. १९५४ मध्ये कोरियात अमेरिकन सैन्याबरोबर असलेल्या मिलार्ड नावाच्या शस्त्रवैद्याकडे एक कोरियन दुभाषी आला. माझ्या डोळ्यांवरून माझ्या मनातले अमेरिकनांना ओळखता येत नाही आणि म्हणून ते माझ्यावर विश्वास ठेवीत नाहीत, असे त्याचे गाऱ्हाणे होते. वैद्याने त्याचे डोळे बदलले आणि पुढच्या वर्षी ती हकीकत छापली. येथे सत्तेचे दडपण उघड आहे. ज्याची भाकरी परक्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला आपला चेहराही त्याला वाचता येईल अशा लिपीत लिहावा लागतो.

चीनची कथा या दोहोंच्या मधून वाहते. तेथील सुघटनशल्यचिकित्सा मुख्यतः युद्धातील जखमींच्या सेवेतून वाढली. बीजिंगमध्ये १९५७ साली या विद्येचे स्वतंत्र रुग्णालय निघाले. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात नटणे-सजणे हाच अपराध ठरला. मग पापणीची घडी कोण मागणार? १९७८ नंतर आर्थिक धोरण बदलले, सिनेमे व मासिके आली, चौकाचौकांत मोठे डोळे झळकू लागले, आणि दाबून ठेवलेली हौस दुप्पट वेगाने वर आली. आज शांघायची मुलगी दवाखान्यात जे चित्र घेऊन जाते ते बहुधा एखाद्या चिनी किंवा कोरियन नटीचे असते. तिला परक्या वंशाची व्हायचे नसते. आपल्याच लोकांतील जे रूप नशीबवान समजले जाते, त्या रूपाची व्हायचे असते. हे अधिक साधे आहे आणि, मला वाटते, अधिक दुःखाचेही आहे. कारण परक्याच्या तराजूला नाकारता येते, घरचा तराजू नाकारणे कठीण.

शस्त्रक्रियेचे स्वरूपही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तिच्या समर्थकांना ती केस कापण्यासारखी वाटते आणि विरोधकांना डोळे काढण्यासारखी. ती या दोहोंपैकी कशासारखीच नाही. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकात कातडीच्या आतून बारीक धागा ओवून ती खोल पडद्याशी बांधतात; याला वेळ कमी लागतो, पण घडी काही वर्षांनी सुटू शकते. दुसऱ्यात पापणी रेषेवर चिरून, लागल्यास थोडी चरबी काढून, कातडी आतल्या कंडरेशी शिवतात. ही घडी टिकते, आणि चुकली तर चूकही टिकते. पापणीपुरतीच भूल दिलेली असल्यामुळे वैद्य मध्येच डोळे उघडायला सांगतो व दोन्ही बाजू जुळवून पाहतो. टाके आठवड्याभरात निघतात. रूप स्थिरावण्यास काही महिने लागतात. बहुतेकांचे नीट पार पडते. परंतु काहींची घडी फार उंच होते, काहींचे दोन डोळे दोन तऱ्हेचे होतात, काहींची पापणी पुरती मिटत नाही. आणि खोल रक्तस्राव होऊन दृष्टीवरच बेतण्याचा धोका, तो अत्यंत विरळ असला तरी, असतोच.

आता कायद्याकडे वळतो. २००२ मध्ये चीनच्या आरोग्य मंत्रालयाने सौंदर्यवैद्यकासाठी नियम केले. त्यांप्रमाणे धोके लेखी कळविणे बंधनकारक आहे आणि अल्पवयीनाच्या बाबतीत पालकाच्या संमतीवाचून अशी क्रिया करता येत नाही. २०२१ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या तेथील दिवाणी संहितेनेही सज्ञानतेचे वय अठराच ठेवले आहे. वकील या नात्याने मला मात्र अधिक कुतूहल वाटले ते २०२१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनेचे. चेहऱ्याविषयी लोकांच्या मनात धास्ती उत्पन्न करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करावी, असे तीत म्हटले आहे. सामान्य रूपाचा संबंध आळस, दारिद्र्य वा नालायकी यांच्याशी, आणि देखणेपणाचा संबंध उद्योगीपणा व यश यांच्याशी जोडणे तीत निषिद्ध मानले आहे. माणसाच्या मनातील न्यूनगंडाला कायद्याच्या परिभाषेत आणून बसविण्याचा हा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो. तो कितपत यशस्वी होईल हा प्रश्न निराळा. फळ्यावरची जाहिरात उतरविता येते. मावशीने जेवताना काढलेला उद्गार कोणत्या कलमाखाली आणणार?

न्यायालयांनाही हा विषय चुकलेला नाही. २००४ मध्ये बीजिंगच्या एका सौंदर्यस्पर्धेतून एका अठरा वर्षांच्या मुलीला, तिचे रूप शस्त्रक्रियेने घडविलेले आहे या कारणावरून, वगळण्यात आले. ती न्यायालयात गेली आणि हरली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीजिंगमध्येच केवळ शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांची सौंदर्यस्पर्धा भरली. समाजाचा हा दुटप्पीपणा पाहण्यासारखा आहे. घडी नसली तर टोमणा, घडी करविली तर ‘कृत्रिम’ म्हणून दुसरा टोमणा. मुलीने करावे तरी काय? हे ज्यांनी मागितले तेच, ते मिळाल्यावर, नाक मुरडतात.

याहून बोलकी गोष्ट २०२१ च्या अखेरीची. खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका मोठ्या चिनी कंपनीच्या शेवयांच्या जुन्या जाहिरातीत बारीक, वर चढत्या डोळ्यांची एक तरुणी होती. पाश्चात्त्य व्यंगचित्रकारांनी चिनी माणसाला हिणविण्यासाठी जे डोळे रंगविले तेच हे, हा राष्ट्राचा अपमान आहे, असा गहजब झाला आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. तेव्हा त्या तरुणीने विचारले, की माझे डोळे जन्मतःच असे आहेत. मग डोळे लहान असल्यामुळे मी चिनी ठरत नाही काय? मला वाटते, या सबंध विषयातील सर्वांत नेमका प्रश्न तिने विचारला. परक्याने केलेली टवाळी झुगारण्याच्या भरात तिच्याच देशबांधवांनी टवाळीची व्याख्या जशीच्या तशी स्वीकारली होती. निंदकाने ज्या डोळ्यांकडे बोट दाखविले, ते डोळे कुरूपच आहेत असे धरून चालून त्यांनी ते झाकायला सांगितले. एकेरी पापण्यांच्या ल्यू येन या मॉडेलला विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नाव मिळाले, तेव्हा स्वदेशी पुष्कळांनी ‘हिच्यात सुंदर ते काय?’ असे विचारले होते. तोच रोग, दुसऱ्या अंगाने उठलेला.

मकावमधील त्या घराचे पुढे काय झाले ते सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पोपोंनी मला कुन याम देवीच्या जुन्या मंदिरात नेले. चिनी लोकांची ही करुणेची देवता मूळची आपल्या अवलोकितेश्वराची. बौद्ध धर्माबरोबर भारतातून ती तिकडे गेली आणि काळाच्या ओघात स्त्रीरूप झाली. रेशमी वस्त्रे ल्यालेल्या त्या मूर्तीपुढे उदबत्त्यांच्या धुरात आम्ही उभे होतो. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत जसा नेत्रोन्मीलनाचा विधी असतो, तसा तिकडेही मूर्तीच्या डोळ्यांत शेवटी बुबुळ रेखून ‘प्रकाश उघडण्याचा’ विधी असतो, असे बाईंनी मला सांगितले. परतताना त्या बोलत्या झाल्या. “दोतोर, आई आता नातीला अडविते. पण मी सात वर्षांची असताना पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, ‘बाकी सगळे बापाचे घेतले, डोळे तेवढे दुर्दैवाने माझे आले.’ तिला ते आठवतही नसेल. मला मात्र ती खोली, ते पाहुणे, टेबलावरची संत्री, सगळे आठवते. चोविसाव्या वर्षी मी वैद्यापुढे निजले, ती खरे म्हणजे सातव्या वर्षीच निजले होते.”

मी काय बोलणार? आमच्या कायद्यात वारसाचा एक नियम आहे: वारसा कोणावर लादता येत नाही, वारसाला तो नाकारता येतो. पण नाकारायचा तर सबंध नाकारावा लागतो, काही भाग ठेवून काही भाग टाकता येत नाही. आणि एकदा नाकारल्यावर तो निर्णय फिरविता येत नाही. देहाच्या वारशाला हा नियम लावता येत नाही. पापणी नाकारली तरी हसणे, चालणे, आवाज, हट्टीपणा हे सगळे अंगावर राहतेच. सप्टेंबरात बाईंचे पत्र आले. ऑगस्टमध्ये मुलीने शस्त्रक्रिया करविली होती. पोपो शेवटपर्यंत विरोधात होत्या. मात्र त्या दिवशी चुहाइला तिघीजणी गेल्या, आणि दवाखान्याच्या बाकावर पोपो थर्मासमध्ये पेज घेऊन चार तास बसून राहिल्या. सूज उतरल्यावर नातीला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, की हसली म्हणजे अजून माझीच दिसते. मुलगी खुशीत आहे, असे पत्रात होते. ती खुशी खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. सज्ञान व्यक्तीने समजून-उमजून घेतलेल्या निर्णयाला मान देणे हे माझ्या व्यवसायाचे पहिले तत्त्व आहे.

परंतु संमती खरी आहे की नाही हे ठरविताना न्यायालय सहीच्या मागे जाऊन पाहते: दडपण होते काय, फसवणूक होती काय, पर्याय समोर होता काय. पापणीच्या बाबतीत ही चौकशी दवाखान्याच्या दाराशी करून भागत नाही. ती पाळण्यापाशी करावी लागते. पापणीला घडी घालायला अर्धा-पाऊण तास पुरतो. मनाला घडी पडते ती वर्षानुवर्षांच्या लहान लहान उद्गारांनी, आणि ती इस्त्रीने जात नाही.

हे लिहिताना मला वारंवार आपली घरे दिसतात. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द किती निर्विकारपणे छापला जातो! नवजात बालक पाहायला आलेल्या बायका प्रथम त्याच्या कानांच्या पाळ्या पाहतात, पुढे रंग कोणावर जाईल याचा अंदाज बांधतात, आणि बाळंतीण ते मुकाट्याने ऐकत असते. घाऱ्या डोळ्यांचे कौतुक आणि सावळ्या रंगाचे सांत्वन, ही दोन्ही वाक्ये आपल्याकडे प्रेमळ माणसेच बोलतात. वैऱ्याच्या बोलण्याने माणूस इतका बदलत नाही. आणि डोळ्यांचाच प्रश्न घ्यायचा, तर ईशान्य भारतातून आपल्या शहरांत पोटासाठी आलेल्या आपल्याच देशबांधवांना त्यांच्या डोळ्यांवरून हाका मारणारे लोक चीनमध्ये राहत नाहीत. त्या एका हिणवणाऱ्या शब्दासाठी अनुसूचित जमातींवरील अत्याचारप्रतिबंधक कायदा लावावा, असे केंद्रीय गृहमंत्रालयाला २०१२ मध्ये राज्यांना कळवावे लागले. तेव्हा ‘चिनी मुलींचे हे काय वेड’ असे म्हणून पान उलटण्याची सोय आपल्याला नाही.

अवलोकितेश्वर या नावाचा अर्थ, खाली वळून पाहणारा प्रभू. चीनमध्ये गेल्यावर भाषा बदलली, वेष बदलला, पुरुषाची स्त्री झाली, डोळ्यांची ठेवण तेथल्या मूर्तिकारांच्या हाताप्रमाणे होत गेली. पाहण्याचे काम तेवढे बदलले नाही. आपल्या देवळांतही गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यावर देवाचे डोळे लांब आहेत की गोल, याचा विचार आपल्या मनात येत नाही. ते आपल्याकडे पाहत आहेत एवढे पुरते. घरात जन्मलेल्या पोरीकडे आपण पहिल्यांदा पाहतो, तेव्हा तिच्यातले काय मोजतो, आणि ते मोठ्याने बोलतो की मनात ठेवतो, एवढी एक गोष्ट तरी कोणत्याही नियमाची वाट न पाहता आपल्या हाती आहे.